दोघांच्या हवाली

[पडद्यावर: सकाळचं फुंटशोलिंग. रंगीत वेशीखालून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या.]

जयगाव आणि फुंटशोलिंग. म्हटलं तर एकच बाजारपेठ, मध्ये एक भिंत आणि एक वेस. वेशीच्या अलीकडे पश्चिम बंगाल: हॉर्न, टपऱ्या, हमरीतुमरी. पलीकडे भूतान. वेस ओलांडली की आधी कानांना कळतं, हॉर्न थांबलेत. मग घड्याळ अर्धा तास पुढे करायचं.

आम्ही चौघं. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि बाहत्तर वर्षांची आई. बागडोगऱ्याहून रस्त्यानं आलोय. इथे आधार कार्ड चालत नाही, म्हणून मोठ्यांची मतदार ओळखपत्रं आणि मुलीचा पासपोर्ट आईनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेत.

पलीकडे दोघंजण उभे आहेत. दोघांच्याही अंगात घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा, कमरेला घट्ट बांधलेला झगा. बाह्यांना पांढऱ्या स्वच्छ पट्ट्या. एकजण पुढे होतो, हसतो, "कुझुझांगपो ला" म्हणतो. हा गाइड. दुसरा काहीच न बोलता आईच्या हातची बॅग घेतो. हा ड्रायव्हर.

परदेशी पर्यटकांसाठी भूतानचं दार उघडलं १९७४ साली, आणि तेव्हापासून गाइड-ड्रायव्हर ही जोडी इथल्या पर्यटनाची रीतच झाली. भारतीयांना मात्र बरीच वर्षं मोकळं रान होतं. सप्टेंबर २०२२पासून आपल्यालाही माणशी, दर रात्री १२०० रुपये शुल्क पडतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. सात रात्री, साडेतीन माणसं: एकोणतीस हजार चारशे. गाडी, हॉटेल वेगळं. पैसे भरताना मी कुरकुरलो होतो, हे कबूल करतो. बाकीच्या देशांतल्या लोकांना रात्रीचे शंभर डॉलर द्यावे लागतात, हे कळल्यावर कुरकुर थोडी कमी झाली.

[पडद्यावर: धुक्यातला घाट. गाडीच्या आतून.]

फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. थिंफू तेवीसशेच्या वर. गेडूच्या आसपास धुकं असं उतरतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवाच तेवढा दिसतो. आई सवयीनं म्हणते, "सावकाश हो दादा." ड्रायव्हरला मराठी येत नाही. तो आरशात बघून मान हलवतो.

हा रस्ता आपल्याच लोकांनी बांधला. १९६१ साली सीमा सडक संघटनेनं 'दंतक' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यातला हा. त्याआधी इथून थिंफूला पोचायला खेचरांबरोबर सहा-सात दिवस लागत. १९५८मध्ये पंडित नेहरू भूतानला आले ते सिक्कीममधून नथू-ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी. पंतप्रधानांना यायलासुद्धा गाडीरस्ता नव्हता.

हे सगळं गाइड सांगतो. छान सांगतो, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं. ड्रायव्हर काही सांगत नाही. पण वळणावर कुत्रं झोपलेलं असेल तर तो थांबतो. हॉर्न देत नाही. कुत्रं उठतं, आळस देतं, बाजूला होतं, मग गाडी निघते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतो. रस्त्यात छोर्तेन, म्हणजे स्तूप आला की गाडी अशी नेतो की तो उजव्या हाताला राहील. आईच्या हे पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. "गाडीनं प्रदक्षिणा घालतोय बघ," ती म्हणाली. गाइडनं ही गोष्ट आम्हाला तिसऱ्या दिवशी समजावून सांगितली.

[पडद्यावर: रस्त्याकडेचं उपाहारगृह. काचेच्या पेट्यांत मांडलेला बुफे.]

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी खटकलं. आम्हाला खिडकीजवळचं टेबल, डोंगराच्या देखाव्यासकट. समोर भात, दाल, पनीरसारखं काहीतरी, बेताच्या तिखटाची कोबीची भाजी. पर्यटक दुखावू नये अशी चव. आणि गाइड, ड्रायव्हर गायब. ते मागच्या खोलीत जेवतात. सगळीकडे तीच पद्धत: त्यांची खोली वेगळी, ताट वेगळं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आपल्याकडेही ढाब्यावर ड्रायव्हरचं टेबल वेगळं असतंच की.

पण वास मागून येत होता. मिरची, लोणी आणि काहीतरी आंबूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ मागच्या खोलीत जाऊन बसलो. गाइड गडबडला. ड्रायव्हरनं बाकावर सरकून जागा केली. समोर लाल भाताचा डोंगर आणि वाडग्यात एमा दात्शी. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. मिरची इथे चवीला घालत नाहीत, तीच भाजी असते. उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या चीजच्या रश्श्यात शिजवलेल्या. पहिला घास घेतला आणि नाकाडोळ्यांतून पाणी. ठेच्यावर वाढलेल्या माणसानं तोंड पोळलं म्हणून सांगायचं कसं? ड्रायव्हरनं न विचारता आणखी भात वाढला, आणि पहिल्यांदा हसला. दात लालभडक.

[पडद्यावर: गाडीच्या डॅशबोर्डवर पानाच्या पुड्या. जवळून.]

तो दोमा खातो. दोमा म्हणजे विडाच: विड्याचं पान, चुना आणि सुपारीचं अर्धं खांड. फक्त ही सुपारी वाळवलेली नसते. ओलसर, मुरलेली, आणि वास असा की गाडीची काच खाली करावी. खाल्ली की कानशिलं तापतात, कपाळाला घाम येतो. थंडीच्या मुलखात त्याचा उपयोग आहे.

आईचं माहेर श्रीवर्धन. तिच्या बटव्यात कायम रोठा सुपारी, घरून कातरून आणलेली. तिनं चार खांडं ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवली. त्यानं तोंडात टाकली, बराच वेळ विचार केला आणि मोडक्या हिंदीत निकाल दिला: "माताजी, ये तो सो रहा है."

आईला राग आला. पण तेव्हापासून ती पुढच्या सीटवर बसायला लागली, आणि गाइड मागे, आमच्यात.

दोचू-ला खिंड साधारण एकतीसशे मीटर उंचीवर. तिथे १०८ छोर्तेन आहेत. डिसेंबर २००३मध्ये भूतानच्या सैन्यानं आसामच्या बंडखोरांचे जंगलातले तळ उठवले, त्यात पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ बांधलेले. तिथे गर्दी होती, सेल्फी होते. ड्रायव्हरनं मात्र गाडी आधीच्या एका वळणावर उभी केली होती. समोर हिमालयाची अख्खी रांग उघडी. त्यातलं गांगखर पुएनसुम, ७५७० मीटर. त्याच्या माथ्यावर अजून कुणीही पाय ठेवलेला नाही, आणि ठेवणारही नाही, कारण भूताननं गिर्यारोहणावरच बंदी घातली आहे. शिखरं देवांची आहेत, गाइड म्हणाला. आईनं हात जोडले.

[पडद्यावर: पुनाखाची भातशेती. कापणी झालेली.]

पुनाखाचा किल्ला, झोंग म्हणतात त्याला, १६३७-३८चा. फो छू आणि मो छू, नर नदी आणि मादी नदी, यांच्या संगमावर. १९५०च्या दशकापर्यंत राजधानी इथेच होती. देखणा आहे, प्रश्नच नाही. झोंगमध्ये जाताना भूतानी माणसाला अंगावर उपरणं घ्यावं लागतं, सामान्य माणसाचं पांढरं. ड्रायव्हरनं ते सीटखालून काढलं, झटकलं, खांद्यावरून नीट घेतलं. आठ दिवसांत तो एवढाच आमच्याबरोबर आत आला.

पुनाखाजवळ छिमी ल्हाखांग नावाचं छोटं मंदिर आहे. पंधराव्या शतकातला अवलिया साधू द्रुक्पा कुनले याचं. लोक इथे मूल व्हावं म्हणून येतात. मंदिराच्या वाटेवर गाव लागतं आणि घरांच्या भिंतींवर... पुरुषाचं लिंग रंगवलेलं असतं. लहान नव्हे, पुरुषभर उंचीचं. डोळे असलेलं, फेटा बांधलेलं, क्वचित पंख असलेलं. दृष्ट लागू नये म्हणून. दुकानांत लाकडाचीही मिळतात. गाइडला या मजकुराचा सराव होता, पण समोर बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि आई. तो आकाशाकडे बघत, अत्यंत गंभीरपणे, "फर्टिलिटी सिम्बॉल" एवढंच म्हणाला. आई म्हणाली, "अरे, आमच्याकडे महादेवाच्या पिंडीवर रोज पाणी घालतात. सांग त्याला, लाजू नकोस." मी भाषांतर केलं. गाइडचे कान लाल झाले.

[पडद्यावर: फोबजिखा. दलदलीच्या गवतावर करडे ठिपके. आवाज आधी येतो.]

फोबजिखाला आम्ही ११ नोव्हेंबरला पोचलो. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरचं वाटीसारखं खोरं. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात इथे उतरतात, वसंतात परत जातात. त्यांच्या पंखांना अडथळा नको म्हणून खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात. पक्षी आले की गांगतेच्या मठाला तीन घिरट्या घालतात, असं लोक सांगतात. आम्ही नाही पाहिल्या. त्या दिवशी मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सव होता. शाळेतली पोरं पांढरे-काळे पंख लावून, माना डोलवत नाचत होती. एकाची चोच सारखी नाकावरून घसरत होती.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, मध्ये लाकडाची शेगडी. इथे मागची खोली नव्हती. गाइड, ड्रायव्हर, घरधनीण, आम्ही, सगळे शेगडीभोवती जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. आईचा उपास. परमुलखात, तीन हजार मीटरवर, आता काय? तर फोबजिखाचं मुख्य पीक बटाटा! घरधनीण केवा दात्शी करणार होती: बटाटा, मिरची, चीज, लोणी. आईनं एकेक जिन्नस तपासला. बटाटा चालतो. मिरची चालते. लोणी उत्तम. चीज? "दूधच की ते." लसूण तेवढा नको. ही अट ड्रायव्हरनं झोंखामध्ये, म्हणजे भूतानच्या भाषेत, घरधनिणीला सांगितली. आईनं वरून पिशवीतलं दाण्याचं कूट घातलं. घरधनिणीनं चाखलं आणि डबाच मागून घेतला.

त्या रात्री गाइड पाठ केलेलं काही बोलला नाही. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२२, अडीच वर्षं देश पर्यटकांसाठी बंद होता. तो गावी जाऊन शेती करत होता. बरोबरचे कितीतरी गाइड ऑस्ट्रेलियाला गेले, पर्थला. त्यांचे फोन येतात, तूही ये म्हणून. "इथे मी गोष्टी सांगतो," तो म्हणाला, "तिथे कुणाला सांगू?" मग हसून म्हणाला, फॉर्म भरून ठेवलाय. ड्रायव्हरनं शेगडीत लाकूड सरकवलं.

[पडद्यावर: पारो. कड्याला चिकटलेला ताक्त्सांग मठ.]

ताक्त्सांग. वाघिणीचं घरटं. गुरू पद्मसंभव आठव्या शतकात वाघिणीवर बसून इथे आले अशी श्रद्धा. मठ बांधला १६९२ साली. १९९८मध्ये आगीत जळला, पुन्हा उभा केला. अर्ध्या वाटेपर्यंत घोडा मिळतो, पण फक्त चढताना. उतरायचं पायीच. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. ती खालीच थांबली, ड्रायव्हरबरोबर. आम्ही कॅमेरा घेऊन वर गेलो. आत फोटो काढायला मनाई आहे, कॅमेरा दारातच जमा करावा लागतो. बाहेरून घेतलेलं चित्रण तुम्ही आता पाहताय. तुम्ही ते आधीही पाहिलं असेल.

आईचा दिवस मात्र आमच्या कॅमेऱ्यात नाही.

ड्रायव्हरनं तिला क्यिछू ल्हाखांगला नेलं. सातव्या शतकातलं मंदिर म्हणतात ते. तिबेटच्या सोंगत्सेन गांपो राजानं एका राक्षसीला जमिनीशी जखडायला एका दिवसात १०८ मंदिरं बांधली, त्यातलं हे तिच्या डाव्या पायावरचं, अशी कथा. ड्रायव्हरनं ही कथा आईला स्वतःचा डावा पाय आपटून सांगितली. तिथे पारोतल्या म्हाताऱ्या दिवसभर माळ ओढत प्रदक्षिणा घालतात. आई त्यांच्यात मिसळली. त्यांनी तिला ताकदीची सुपारी दिली, तिनं त्यांना झोपलेली दिली. एकीनं तिचे गुडघे चोळून दिले. कोणत्या भाषेत बोललात, असं मी विचारलं. आई म्हणाली, "गुडघेदुखीला भाषा लागते का?"

हे सांगताना तिचे ओठ लाल होते.

[पडद्यावर: फुंटशोलिंग. वेस. संध्याकाळ.]

किती पैसे द्यायचे यावर बायकोची आणि माझी आदल्या रात्री कुजबुज झाली होती. दोन पाकिटं केली. गाइडला जास्त द्यायची रीत आहे म्हणे. आम्ही सारखी दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उघडून पाहिली नाहीत. "कादिंछे ला," दोघंही म्हणाले. धन्यवाद. त्यांना लगेच निघायचं होतं, उद्या सकाळी पारो विमानतळावर दुसरी पार्टी.

वेस ओलांडली. हॉर्न सुरू. घड्याळ अर्धा तास मागे.

हॉटेलवर पोचल्यावर लक्षात आलं, आईचा सुपारीचा बटवा नाही. गाडीच्या पुढच्या खणात राहिला असणार. मी फोन काढला. आई म्हणाली, "ठेव तो फोन. विसरले नाही मी."