फिटनेस सर्टिफिकेटवरची एक ओळ

नमस्कार. समोर नाशिकचे फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका बसल्या आहेत, म्हणून माझ्याच हातून झालेल्या चुकीपासून सुरुवात करतो.

सातपूरला माझा दवाखाना आहे. काही वर्षांपूर्वी मनगट मोडलेला एक कामगार आला. प्लास्टर झालं, सहा आठवडे विश्रांती झाली, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. मी ‘कामासाठी फिट’ लिहून सही केली. चौथ्या दिवशी तो परत दारात. तो पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनवर होता. हात डायखाली, म्हणजे साच्याखाली, सापडू नये म्हणून त्या मशिनला दोन बटणं होती, दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दाबायची. त्याचं मनगट मागे वळतच नव्हतं. ठेकेदारानं ‘बरा झालास की ये’ म्हणून घरी पाठवलं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. यात ठेकेदाराकडे बोट दाखवून मला सुटता येत नाही. ‘काय काम करता?’ असं मी विचारलं होतं. तो ‘कंपनीत’ म्हणाला होता. मी तिथेच थांबलो होतो.

सातपूर, अंबड, सिन्नर या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाचं ‘कंपनीत’ म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नसतं. आता मी विचारतो: दिवसभर उभं राहता की बसून? वजन कुठून उचलून कुठे ठेवता? दोन्ही हात लागतात का? नाईट असते का? कामावर जाता कसे? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. हात दुखत असताना कामापेक्षा मोटरसायकलचा क्लच अवघड जातो. एवढं विचारायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि त्यातून औषधाची वेळसुद्धा बदलते. इन्सुलिन घेणाऱ्याची रात्रपाळी असेल तर जेवणाची सुट्टी कधी होते हे कळल्याशिवाय डोस ठरवू नये.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2010 मध्ये आजारपणाच्या दाखल्याचं रूप बदललं. ‘कामाला अयोग्य’ याच्या जोडीला ‘या अटींवर काम करू शकेल’ असा पर्याय आला: हळूहळू कामावर येणं, कमी तास, कामात बदल, जागेत बदल. जुलै 2022 पासून तिथे परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फार्मासिस्टही त्यावर सही करू शकतात. आपल्या लेटरहेडवर अशा अटी लिहायला आपल्यालाही कुणाची आडकाठी नाही. त्या कामगाराला मी लिहायला हवं होतं ते असं: ‘प्रेसवर काम नको. उजव्या हातानं दोन किलोपेक्षा जास्त वजन नको. मालाची तपासणी, मोजणी, गेज लावून माप बघणं चालेल. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणार.’ माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडते ती शेवटची ओळ. लाइट ड्यूटी कधी संपणार हे दिसलं की सुपरवायझर सहसा नाही म्हणत नाही. आणि रुग्णाची संमती नसेल तर कागदावर आजाराचं नाव घालू नका. काय जमेल आणि काय नको, एवढं कंपनीला पुरतं.

साध्या पाठदुखीला ‘पंधरा दिवस अंथरुणावर’ हा सल्ला आता सोडायला हवा. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं अशी धोक्याची लक्षणं नसतील तर हिंडतं-फिरतं राहणारा माणूस लवकर सावरतो.

टीबीबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. औषधांना दाद देणारा टीबी असेल आणि उपचार नीट चालू असतील, तर साधारण दोन आठवड्यांनंतर संसर्गाचा धोका बहुतेक राहत नाही. तरी त्या माणसाला सहा-सहा महिने कामावर घेत नाहीत, कारण ‘आता याच्यापासून इतरांना धोका नाही’ हे वाक्य आपण लिहून देत नाही. ज्यांना खरोखरच रजा लागते त्यांना ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, हक्क सांगा. आजारपणात वेतनाच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. टीबीसारख्या यादीतल्या दीर्घ आजारांत, नोकरीच्या अटी पूर्ण होत असतील तर, 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. हे माहीत नसल्यानं माणसं ताप अंगावर काढून पाळी भरतात.

आता ज्यांना ना ईएसआय, ना एचआर. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरीच्या बागांत टोळीनं येणाऱ्या बायका. त्यांच्यातल्या एका ताईंचा खांदा आखडला होता. द्राक्षाची काढणी म्हणजे दिवसभर हात डोक्यावर. त्यांनी माझा कागद दाखवायचा कुणाला? त्यांना विचारून, त्यांच्यासमोरच मी मुकादमाला फोन लावला. म्हटलं, हात वर करायचं काम सोडून दुसरं काय आहे? तो म्हणाला, घडातले खराब मणी काढायला बसवतो, पण मजुरी कमी पडेल. ते मला मिटवता आलं नाही. ताई म्हणाल्या, ‘चालंल, घरी बसले तर तेबी नाही.’ भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम मी शिकवला. तो व्यायाम ताई जेवणाच्या सुट्टीत, शेडच्याच भिंतीवर करत. हात पूर्ण वर जायला पोळा उजाडला. ऑक्टोबरच्या छाटणीला त्या टोळीबरोबर परत दिंडोरीत होत्या.