आटे पाडायचे तर आधी पकड

तासगाव तालुक्यातली ही द्राक्षबाग. ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या, मेन लाइन पीव्हीसीची. पण विहिरीवर, मोटारीच्या तोंडाशी, जिथं हादरे बसतात आणि दिवसभर ऊन लागतं, तिथं अजून जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईपच. आणि जीआय आला की आटे आले, म्हणजे जोड आवळायला पाईपच्या टोकावर पाडलेल्या मळसूत्री खाचा. कुपवाड एमआयडीसीत किंवा मिरजेत मशीनवर ते झटपट पाडून मिळतात. पण ऐन पाण्याच्या पाळीत जोड फुटला, तर मोटारसायकलला पाईप बांधून कोण जाणार? काम बांधावरच होतं, हाताने.

मिस्त्रींच्या पिशवीतला डायसेट, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारांचा संच, स्वस्तातला आहे. अर्धा, पाऊण आणि एक इंची, तीन डाय आणि एक रॅचेट हँडल. साध्या पाईपसाठी एवढं पुरतं. पैसे खर्च केलेत ते पाईप घट्ट धरून ठेवणाऱ्या पाईप व्हाईसवर, आणि ते योग्यच केलं. पकड ढिली असेल तर पाईप गरकन फिरतो, डाय तिरकी बसते, मग भारीतली डायही कामाला येत नाही.

डाय घेताना मात्र एक गोष्ट बघावीच लागते. आपल्याकडचे एल्बो, सॉकेट बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांचे. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे असतात. अर्धा इंचीला दोन्हींचे इंचाला १४ आटे, त्यामुळे जोड लागल्यासारखा वाटतो. पण बीएसपी आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. पाणी सोडलं की झिरपायला लागतं, आणि माणूस उगाच टेपवर टेप गुंडाळत बसतो.

पाईपही बघून घ्यावा. अर्धा इंची ए क्लास पाईपची जाडी २ मिलिमीटर, बी क्लासची २.६. आटा आत जातो सुमारे १.१६ मिलिमीटर. म्हणजे पिवळ्या पट्ट्याच्या ए क्लासमध्ये आट्याखाली एक मिलिमीटरही लोखंड उरत नाही. मोटारीजवळ निळ्या पट्ट्याचा बी क्लासच लावावा, इथं काटकसर नको.

आता कापणी. मिस्त्रींनी पाईपला कागदाची पट्टी गुंडाळली, कडेवर कड बरोबर जुळवली आणि त्या कडेने खूण केली. काटकोनात कापायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. हॅकसॉला बारीक, २४ दातांचं ब्लेड. कापल्यावर बाहेरची धार कानशीने मारायची, आतली गोल कानशीने. आतली धार राहिली तर पाण्याची वाट अडते.

डाय चढवली. मदतीला आलेला पोरगा लगेच हँडलला लोंबकळला, तसे मिस्त्री म्हणाले, "आरं थांब! आधी तळव्यानं दाब, मग फिरव. धरली की ती आपसूक चालती." पहिले दोन-तीन फेरे हाच काय तो जोराचा भाग. डाय सरळ धरली आहे ना, हे इथंच पाहायचं, पुढे ती सरळ करता येत नाही.

तेल हवंच. कोरडी डाय करकरते, आटे फाटतात, दात तुटतात. अर्धा-पाऊण फेरा पुढे, मग थोडं मागे, की कीस तुटून खाली पडतो. मध्येच हात अडला तर पाईपची शिवण, म्हणजे पत्रा वळवून जोडलेली रेघ, आली समजा. तिथं तेल जास्त, घाई कमी.

पाईपचं तोंड डायच्या बाहेरच्या कडेला आलं, की थांबायचं. हे आटे निमुळते असतात, १६ मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरने बदलतो. त्या निमुळतेपणामुळेच जोड आवळत जातो. डाय पुढे रेटत राहिलं, तर पुढचे आटे सरळ पडतात आणि एल्बो ढिला बसतो. घासून कीस काढला, एल्बो हाताने लावून पाहिला. तीन-चार फेरे गेला आणि अडला. असाच अडायला हवा.

मग टेफ्लॉन टेप, आवळायच्या दिशेनेच गुंडाळलेली, नाहीतर आवळताना ती उलगडते. पाईप पान्याने आणखी दोनेक फेरे.

मोटार चालू झाली. मिस्त्री जोडाखाली बोट फिरवतात, बोट कोरडं. तरी एक काम राहतंच. आटे पाडताना वरचं जस्त निघून गेलेलं असतं आणि एल्बोबाहेर राहिलेले एक-दोन आटे उघडेच असतात. गंज तिथूनच धरतो, म्हणून त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात.