मायक्रोआरएनए गाठ जाळत नाही! मग रेडिएशनला मदत कशी करतं?

नमस्कार मंडळी! मायक्रोआरएनए कॅन्सरच्या रेडिएशनला मदत करू शकतो, या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "ताई, ते मायक्रोआरएनएचं इंजेक्शन नवी मुंबईत कुठे मिळेल?" कुठेच नाही. अजून जगात एकाही मायक्रोआरएनए औषधाला मान्यता मिळालेली नाही.

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा, म्हणजे डीएनएच्या भावंडाचा, साधारण 22 अक्षरांचा छोटा तुकडा. जनुकाकडून निघालेला निरोप तो प्रथिन बनण्याआधीच अडवतो. 2024 चं नोबेल याच शोधाला मिळालं. बास, पुढे.

माझ्या मावशीला तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन होतं, मी सोबत जायचे. चेहऱ्यावरचा जाळीचा मास्क टेबलाला घट्ट बसवतात. बाहेर आली की गालावर जाळी उमटलेली असायची. ती वैतागायची, "रोज थोडं थोडं कशाला? एकदाच द्या की!" सहसा रोज 2 ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) देतात ते चांगल्या पेशींना दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून. पण दुरुस्ती कॅन्सरच्या पेशीलाही येते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

घोडबंदर रोडवर खड्डा पडला आणि बुजवणारी टोळी आलीच नाही, तर काय होतं? रेडिएशन डीएनएत खड्डा पाडतं, मायक्रोआरएनए टोळीला घरी बसवतं. खड्डा तो पाडत नाही!

"म्हणजे मायक्रोआरएनएने गाठ जाळतात ना?" अशी कमेंट आलीच. नाही हो. एटीएम आणि डीएनए-पीके ही तुटलेला डीएनए सांधायच्या कामातली प्रथिनं. मिआर-101 नावाचा मायक्रोआरएनए ती दोन्ही कमी करतो, आणि मग तेवढ्याच रेडिएशनला पेशी जास्त मरतात. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांतल्या गाठींत हे दिसलंय.

तिसऱ्यांदा सांगते, कारण फॉरवर्ड तसेच फिरतायत: मारतं रेडिएशनच. आणि प्रत्येक मायक्रोआरएनए वाढवायचाही नसतो. मिआर-21 बऱ्याच गाठींत आधीच जास्त असतो आणि पेशीला तगवतो, त्याला उलट दाबावं लागतं. त्यामुळे "मायक्रोआरएनए वाढवणारा काढा" विकणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो. कुठला वाढवणार तुम्ही?

अडलंय कुठे? गाठीपर्यंत पोचवण्यात. रक्तात उघडा आरएनए टिकत नाही, आणि चांगल्या पेशींची दुरुस्तीही थांबली तर रेडिएशनमुळे मावशीच्या तोंडात आलेल्या फोडांचं काय झालं असतं, विचार करा. मिआर-34ए या मायक्रोआरएनएची नक्कल असलेलं एमआरएक्स34 हे औषध माणसांवर तपासलं, तेही रेडिएशनशिवाय. प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये ती चाचणी थांबवली.

खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, तिथे उपचार आणि संशोधन दोन्ही चालतं. नवीन काही असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारा. कुणी "ट्रायल आहे" म्हणालं तर आधी सीटीआरआय (भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, वेबसाइटवर फुकट तपासता येतो. आणि या इंजेक्शनची वाट बघत चालू रेडिएशनचे दिवस बुडवू नका. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये कोर्स लांबला की गाठ परत वाढायला लागते.