हळकुंड मोडून बघणारे अण्णा

सांगलीचं मार्केट यार्ड. जानेवारीची सकाळ, नवी हळद यायला लागलीय. हळदीचे अडते असलेल्या अण्णांनी पोत्यातून एक हळकुंड काढलं, कट्‌कन मोडलं आणि आतला रंग उजेडाकडे धरून पाहिला. वरचं पॉलिश काय, कुणीही करतं.

दुपारी सौदे आटोपले की हेच अण्णा चष्मा बदलून लॅपटॉप उघडतात.

या जिल्ह्यात ‘शेअर’ म्हटलं की अजूनही आधी साखर कारखान्याचाच आठवतो. तो बापाच्या नावावरून पोराच्या नावावर होतो, दिवाळीला सवलतीची साखर आणतो, आणि त्याचा भाव रोज कुणी बघत नाही. अण्णांकडे तोही आहे. पण मुंबई शेअर बाजारात पाच हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या. एकेक उघडून बघायची तर जन्म जाईल. म्हणून चाळण लावायची.

स्क्रीनर डॉट इन या कंपन्या गाळून दाखवणाऱ्या वेबसाइटवर अण्णांनी अटी टाकल्या. बाजारमूल्य 500 कोटींच्या वर, पीई 15 च्या आत, गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओसीई, 20 टक्क्यांच्या वर. बटण दाबलं, यादी आली. बरेच जण इथूनच थेट खरेदीला धावतात. अण्णा चहा मागवतात.

पडद्यावर बघा. सगळ्यात वर पीई 6 ची कंपनी. पीई म्हणजे शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याने भागायचं. एखाद्या वर्षी नफा फुगला की पीई आपोआप खाली येतो. अण्णांचं बोट ‘इतर उत्पन्न’ या ओळीवर थांबलं. दरवर्षी दोन-तीन कोटी, यंदा एकदम 80. वार्षिक अहवालातली टीप शोधली: जुन्या कारखान्याची जमीन विकलेली. आरओसीईही त्याच पैशाने चढलेला.

“जमीन काय दरवर्षी विकणार हाय व्हय?”

नाव कटलं.

दुसरी कंपनी वर्षानुवर्षं नफ्यात. अण्णांनी नफ्याशेजारी धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड मांडली. पाच वर्षांचा नफा 200 कोटी, रोकड 40. उधारीचे दिवस 60 वरून 140 वर गेलेले. हे अडत्याला शिकवावं लागत नाही. माल गेला, बिल झालं, पैसे अडकले. अशी दुकानं बसताना त्यांनी याच यार्डात पाहिलीत.

चाळणीतून चांगला मालही निसटतो, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. पोलाद, साखर असल्या तेजी-मंदीच्या धंद्यांचा पीई तेजीच्या शिखरावर सगळ्यात कमी दिसतो, आणि मंदीत नफा आटला की आभाळाला भिडतो. म्हणजे 15 ची अट अशा कंपन्यांना नेमकं नको तेव्हा आत घेते आणि हवं तेव्हा बाहेर ठेवते. हळदीच्या चढ्या भावात गोदाम भरून ठेवलेल्यांना हे चटकन कळावं.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, कर्जासाठी आपले शेअर गहाण टाकलेत का, हे एका नजरेत बघून होतं. तिथे आणखी दोन नावं गेली.

संध्याकाळपर्यंत उरली एकच, व्हॉल्व्ह बनवणारी छोटी कंपनी. डिसेंबर तिमाहीचे निकाल 45 दिवसांत जाहीर करावे लागतात. अण्णांनी वहीच्या मागच्या पानावर कंपनीचं नाव लिहिलं, पुढे तारीख टाकली: 14 फेब्रुवारी. बाहेर ट्रक लागला होता. वही मिटून ते पोती मोजायला उठले.