डेट्रॉईटच्या तळघरातली हत्यारं

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. बोलायच्या आधी ही पुडी पहिल्या रांगेत देतो. आत दोन स्टीलचे तुकडे आहेत, एकमेकांना चिकटलेले. ना गोंद, ना चुंबक. फडक्यातच धरा, हाताचा घाम लागला की गंज धरतो, आणि बघा सुटतायत का. फिरू दे पुडी, मी बोलतो तोवर.

मी मूळचा फिटर. आयटीआय केलं, मग चिंचवडला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवतात तिथे, बरीच वर्षं, आणि तिथून मिशिगनला गेलो तो तिकडचाच झालो. डेट्रॉईटच्या उत्तरेला वॉरन, स्टर्लिंग हाइट्स असा पट्टा आहे, तिथे गाड्यांच्या कंपन्यांसाठी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवणारी छोटी छोटी वर्कशॉपं, आपल्या भोसरीसारखीच, फक्त बर्फ जास्त. जर्मन, पोलिश, इटालियन कारागीर पिढ्यानपिढ्या तिथे राहिले. आता ती पिढी चाललीय, आणि तिची हत्यारं एस्टेट सेलमध्ये येतायत.

एस्टेट सेल म्हणजे काय तर म्हातारा-म्हातारी गेली किंवा वृद्धाश्रमात गेली, मुलं दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात, घर विकायचंय, मग घरातलं सगळं, चमच्यापासून पलंगापर्यंत, तिथल्या तिथे विकायला काढायचं. हे करून देणारे लोक असतात, टक्केवारीवर. दोन-तीन दिवस चालतं, पहिल्या दिवशी स्टिकरवरची किंमत, शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी अर्धी. तुम्ही सरळ घरात शिरायचं, कपाटं उघडायची, ड्रॉवर ओढायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा पलंगाखाली त्या गृहस्थाच्या सपाता तशाच होत्या, त्यांच्यावर पण एक डॉलरचं स्टिकर. मी काही न घेता बाहेर आलो. पुढच्या शनिवारी परत गेलो, ते सोडा.

लोक विचारतात, चांगला माल ओळखायचा कसा. ब्रँड पाठ करून काही होत नाही. ब्रँड तर विकणाऱ्यालाही मोबाईलवर दिसतो, त्याने बघूनच किंमत लावलेली असते. आधी तो माणूस काय काम करायचा ते ओळखायचं. सेलच्या जाहिरातीत घराचे फोटो टाकतात, त्यात मी हत्यारं बघतच नाही, बेसमेंटचं छत बघतो. तिकडे एक पद्धत आहे, काचेच्या छोट्या बरण्यांची झाकणं छताच्या लाकडी बीमला खालून स्क्रूने ठोकायची आणि बरण्या खालून फिरवून लावायच्या, आत खिळे-स्क्रू. बहुतेक घरांत त्यांच्यात सगळी खिचडी असते. पण एखाद्या घरी बरणीवर पट्टी, पट्टीवर बारीक अक्षरात १०-३२, १/४-२०, म्हणजे आट्यांची साईज आणि इंचाला आटे किती ते. असा फोटो दिसला की मी सकाळी साडेसहाला थर्मास घेऊन त्या घराच्या दारात. असा माणूस मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापाचं हत्यार, कधी ओला ठेवणार नाही, कानशी एकावर एक टाकणार नाही. उलट ज्याच्या भिंतीवर चकचकीत पान्ह्यांचा सेट आकाराप्रमाणे लावलाय आणि एकावरही ओरखडा नाही, तो बहुधा रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेला. वाईट नसतो, पण त्यासाठी साडेसहाला उठायचं काही कारण नाही.

दुसरी खूण म्हणजे हत्यारांची लाकडी पेटी. ओकच्या लाकडाची, पुढे छोटे छोटे ड्रॉवर, आत हिरवं फेल्ट. ओहायोत डेटनला गर्स्टनर म्हणून कंपनी आहे, १९०६ पासून हेच करतेय. मधला एक ड्रॉवर जरा उंच असतो, तो ‘मशिनरीज हँडबुक’साठी, त्या पुस्तकाच्या मापाचा. पुस्तक १९१४ चं, अजून नव्या आवृत्त्या निघतात, टूलरूमवाल्यांची ज्ञानेश्वरीच म्हणा ना. तर पेटी विकणाऱ्याला कळते, सुंदर दिसते, तिला भाव लावतो. आतला माल मात्र बऱ्याचदा काढून बुटाच्या खोक्यात भरतात आणि वर लिहितात ‘जुन्या वस्तू, दहा डॉलर’. मी आधी पेटीचे ड्रॉवर उघडून फेल्टवरचे ठसे बघतो. फेल्टवर जे रोज ठेवलं जातं त्याचा आकार उमटतो. सहा इंची पट्टीचा ठसा, गोल डायलचा ठसा, लहान गुण्याचा ठसा. मग खाली वाकून त्या ठशांचे मालक खोक्यांत शोधायचे. स्टारेटचा गुण्या मला असाच मिळाला, कॉम्बिनेशनवाला, पट्टीवर सरकणारा. ती कल्पनाच मुळी लॅरॉय स्टारेटची, १८८० साली मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅथॉल गावात त्याने कंपनी काढली ती त्या गुण्याच्या जोरावर. माझ्याकडचा किती सालचा माहीत नाही, पण काटकोन अजून पक्का आहे. घरी आणून कागदावर रेघ मारली, गुण्या उलटा केला, परत रेघ मारली, रेघेवर रेघ. सुतारकाम करणाऱ्यांना ही टेस्ट सांगायला नको.

आता बेंच व्हाईस, टेबलाला बसवायचा शिकंजा. शिकागोची विल्टन, मागचा भाग बंदुकीच्या गोळीसारखा गोल म्हणून तिला बुलेटच म्हणतात. १९४१ पासून बनतेय. व्हाईस पूर्ण उघडायची, सरकणाऱ्या दांड्याच्या खाली बोट घालायचं, पट्टीवर महिना आणि साल ठोकलेलं लागतं. टॉर्चने वाचायचं. यात एक गंमत आहे. अगदी सुरुवातीच्या सोडल्या तर ते साल बनवल्याचं नाही, गॅरंटी संपल्याचं आहे, पाच वर्षं वजा करायची. म्हणजे ५९ लिहिलं असेल तर व्हाईस ५४ ची. शेजारी उभा असलेला दुसरा शिकारी ५९ समजून बसतो, तुम्ही गप्प राहायचं. पण खरं बघायचं असतं ते साल नव्हे. जबडा अर्धवट उघडून वरखाली, डावीउजवी हलवून बघायचा, खेळ किती आहे. आणि रंगाखाली पितळेची पिवळी रेघ दिसते का, कारण तडा गेलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पितळाने जोडतात.

तडा म्हणालो म्हणून माझी फजिती सांगतो. स्टॅनलीचा रंधा, ७ नंबर, बावीस इंच लांब, दरवाजांच्या फळ्यांच्या कडा सरळ करायचा. स्टॅनलीच्या रंध्यांना १ ते ८ नंबर असतात, ४ आणि ५ गल्लोगल्ली, आणि १ नंबर हा साडेपाच इंचाचा पिटुकला, कामाला जवळजवळ निरुपयोगी आणि म्हणूनच सगळ्यात महाग, त्याची नक्कलही होते. तर मला ७ नंबर दिसला, पात्यावर हृदयाच्या आकाराची खूण, म्हणजे साधारण १९२० ते ३५ मधलं पातं. स्टॅनली वर्क्सचे प्रमुख हार्ट होते म्हणून ती खूण. मी इतका हुरळलो की विचारलंच नाही काही, पैसे दिले, घरी आलो. रॉकेलने पुसतोय तर तोंडाजवळ, जिथून भुगा वर येतो तिथे, केसाएवढी काळी रेघ. आरपार तडा, कुणीतरी वरून काळा रंग मारलेला. बायको म्हणाली, आता खिडकीला टेकण लावा. लावलाय. अजून तिथेच आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाले कुणी असतील तर दोनच गोष्टी. जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे पडद्यावर सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र, दिसला, टेक्ट्रॉनिक्स वगैरे, तर तिथल्या तिथे प्लग लावून बघू नका, वर्षानुवर्षं बंद असलेले कपॅसिटर फुटतात. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे मीटर, काटे-आकडे तपकिरी-पिवळट झालेले, ते घरी आणू नका. तो रंग रेडियमचा. चमकणं केव्हाच थांबलंय, किरणं चालूच आहेत. काच काढून पुसायला गेलात तर ती भुकटी श्वासात जाते.

हां, तर ती पुडी कुठे पोचली? चौथी रांग? असू दे. तुमच्या हातात आहेत ते स्लिप गेज, मापाचे पक्के ठोकळे. तिकडे त्यांना ‘जो ब्लॉक’ म्हणतात, ‘जो’ म्हणजे जोहान्सन. कार्ल जोहान्सन, स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनाच्या बंदुकांच्या कारखान्यातला माणूस. त्याच्या डोक्यात आलं की प्रत्येक मापाला वेगळा गेज कशाला, ठरावीक तुकडे घ्या आणि एकमेकांना जोडून हवं ते माप करा. त्याच्या पहिल्या सेटमध्ये १०२ तुकडे होते, त्यातून वीस हजार मापं होतात. पुढे १९२३ साली हेन्री फोर्डने त्याला अमेरिकेत बोलावून घेतलं आणि हे ब्लॉक फोर्डकडेच बनायला लागले, डिअरबॉर्नला, माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणून डेट्रॉईटच्या तळघरांत ते अजून सापडतात. आपल्याकडे सुतार सूत सांगतो, इंचाचा आठवा भाग, टर्नर थाऊ सांगतो, हजारावा. हे ब्लॉक इंचाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबातले. पृष्ठभाग इतके सपाट की स्वच्छ करून एकावर एक घासून फिरवले की धरूनच बसतात.

मला सेट पूर्ण नाही मिळाला. लॉंड्रीच्या सिंकखाली साबणाच्या डब्यात, तेलकट फडक्यात, अकरा तुकडे होते. विकणाऱ्या बाईंना वाटलं वजनं आहेत तराजूची, चार डॉलर म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं काय आहे ते. त्या म्हणाल्या, मग सहा द्या. फडक्याच्या आत एक कार्ड होतं, पेन्सिलने लिहिलेलं, कुठला तुकडा कोणाला उसना दिला आणि कधी परत आला त्याची नोंद. शेवटच्या ओळीत परत आल्याची खूण नव्हती. म्हणजे बारावा तुकडा वॉरनमध्ये कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे. शनिवारी शोधतो कधी कधी.

काय म्हणालात काका? सुटत नाहीयेत? अहो ओढू नका, ओढून नाही सुटणार. एका बाजूला सरकवा, थोडं तिरकं. हां, तसं. आणि सुटले की परत जोडू नका, फार वेळ तसेच राहिले तर धरून बसू शकतात. इकडे द्या, मी तेल लावून ठेवतो.