ही कुणावर गेली?

नमस्कार, श्रोतेहो.

एकाच आईवडिलांच्या दोन मुली. थोरली सावळी, धाकटी चांगली गोरी. बारशाला आलेली एखादी मावशी विचारतेच, "ही कुणावर गेली गं?" मग पार खापरपणजीपर्यंत शोध जातो. आईनं गरोदरपणात केशरदूध घेतलं होतं, हेही निघतं. केशराचा इथं काही संबंध नाही. माशाचा मात्र आहे.

झेब्राफिश हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, मूळचा आपल्याच उपखंडातला. अंगावर गडद पट्टे. त्यांच्यात एक फिक्या, सोनेरी पट्ट्यांचा प्रकार असतो. हा फिकेपणा कुठल्या जनुकामुळे येतो, ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कीथ चेंग यांच्या गटानं २००५ मध्ये जाहीर केलं. जनुकाचं नाव एसएलसी२४ए५. गाडीच्या नंबरप्लेटसारखं, पण काय करता! माणसातही ते असतं. माणसाच्या जनुकाचा आरएनए, म्हणजे त्याच्या संदेशाची नक्कल, त्या फिक्या माशांच्या गर्भांत टोचला, तर पिल्लांत गडद रंग परत आला.

रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्यांत नि काळ्यांत साधारण सारख्याच असतात. त्या रंगाच्या पुड्या केवढ्या आणि किती बांधतात, यात फरक. या जनुकाच्या डीएनएतलं एक अक्षर बदलतं, त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात १११व्या जागी ॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं येतं, आणि त्वचा उजळते.

युरोपात हे बदललेलं अक्षर जवळजवळ सगळ्यांकडे आहे. चीन-जपानात मात्र फारच क्वचित. तिथल्या उजळपणाची जनुकं निराळी. आपल्याकडे उत्तरेत ते जास्त, दक्षिणेत कमी. पण नकाशावर सरळ रेघ काही ओढता येत नाही. जातीतल्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली, त्यामुळे एकाच भागातल्या दोन समाजांत प्रमाण वेगळं निघतं. हे अक्षर युरोपात नि भारतात एकाच मुळातून आलंय, असं हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये दाखवलं.

आता त्या दोन मुली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. दोघांकडे एक जुनी, एक बदललेली असेल, तर थोरलीच्या वाट्याला दोन्ही जुन्या आणि धाकटीच्या वाट्याला दोन्ही बदललेल्या येऊ शकतात. शिवाय रंग ठरवणारी इतर कितीतरी जनुकं आहेतच. लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' असा रकाना असतो. तिथं 'सावळी' लिहिलेल्या मुलीकडेही त्या अक्षराची एक प्रत असू शकते. रकान्यात ती मावत नाही, इतकंच.