बिघडलेल्या अंड्याची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यातील बाग आणि कुक्षी परिसरात, लॅमेटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांमध्ये डायनासोरची 92 घरटी आणि 256 अंडी आढळल्याचे दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 साली प्रसिद्ध केले. लॅमेटाचे असे थर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत. ही अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी आणि अवाढव्य डायनासोरांची मानली जातात. त्यांचा व्यास मात्र साधारण 15 ते 17 सेंटीमीटरच भरतो. ओळखता येईल असा गर्भ यांपैकी एकाही अंड्यात मिळालेला नाही. अभ्यासकाच्या हाती उरते ते केवळ कवच, आणि तेही काही मिलिमीटर जाडीचे.

परंतु कवच तयार होते ते आईच्या अंडनलिकेत. त्यामुळे त्याच्यात पिल्लापेक्षा आईच्या शरीराची माहिती अधिक असते. कवचाचा पातळ काप घासून, प्रकाश आरपार जाईल इतका झिरझिरीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की कॅल्साइटचे स्फटिक एका बिंदूपासून पंख्यासारखे वर उलगडत गेलेले दिसतात आणि त्यांच्यामधून गेलेल्या हवेच्या नळ्याही दिसतात. टायटॅनोसॉरच्या कवचात अशी रंध्रे भरपूर असतात. उघड्यावर ठेवलेल्या अंड्यातील पाणी एवढ्या रंध्रांतून उडून गेले असते; म्हणून ही मादी मगरीप्रमाणे अंडी माती-वाळूत पुरत असावी, असे अनुमान निघते. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की त्यांच्यामधून या प्राण्याला पाऊल टाकणेही अवघड झाले असते. पिल्लांच्या संगोपनाची फारशी अपेक्षा अशा मातेकडून करता येत नाही.

खरी महत्त्वाची गोष्ट मात्र एका बिघडलेल्या अंड्याने सांगितली. धार जिल्ह्यातीलच पाडल्या या गावाजवळ दहा अंड्यांचे एक घरटे मिळाले. त्यातील एका अंड्याला एकात एक अशी दोन पूर्ण कवचे होती आणि दोहोंमध्ये चांगली रुंद पोकळी होती. अंडे फार काळ शरीरात अडकून राहिले, तर पहिल्या कवचावर दुसरा थर चढतो. हा दोष कासवांसारख्या सरीसृपांतही आढळतो आणि त्यात दोन्ही थर एकमेकांना चिकटून असतात. येथे तसे नव्हते. कवच चढलेले अंडे अंडनलिकेत उलट दिशेने वर सरकते, तेथे पुढच्या अंड्याच्या सामग्रीत गुरफटले जाते आणि त्या सर्वांभोवती नवे कवच तयार होते, हा प्रकार तोपर्यंत केवळ पक्ष्यांमध्येच माहीत होता. कुक्कुटपालन करणाऱ्यांना अंड्यात अंडे क्वचित पाहायला मिळते, ते यामुळेच. हे संशोधन 2022 साली प्रसिद्ध झाले. असा दोष घडायचा, तर नलिकेत आवरण आणि कवच यांची कामे वेगवेगळ्या भागांत होत असली पाहिजेत, आणि अंडी सगळी एकदम तयार न होता एकामागून एक येत असली पाहिजेत. पहिली व्यवस्था मगरींतही असते. दुसरी पक्ष्यांची खासियत आहे. एका अंड्यावरून संपूर्ण कुळाविषयी निष्कर्ष काढताना हात राखूनच बोलावे, हे खरे. पण शेकडो निर्दोष अंड्यांतून जे कळले नसते ते या एकाने सुचवले, हेही तितकेच खरे.

कवचातून आईच्या शरीराचे तापमानही काढता येते. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे जड अणू कॅल्साइटमध्ये परस्परांशी किती प्रमाणात जोडले जातात, हे स्फटिक बनतानाच्या तापमानावर अवलंबून असते. थंडाव्यात अशा जोड्या अधिक होतात. ही पद्धत वापरून 2015 साली अर्जेंटिनातील टायटॅनोसॉरच्या कवचांवरून सुमारे 38 अंश सेल्सिअस, तर मंगोलियातील ओव्हिरॅप्टरच्या कुळातील लहान डायनासोरांच्या कवचांवरून सुमारे 32 अंश हे तापमान मिळाले. मोठे धूड ऊब आपोआप धरून ठेवते, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून शरीर स्वतः उष्णता निर्माण करत होते असे ठामपणे म्हणता येत नाही. दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. ते तापमान आजच्या पक्ष्यांपेक्षा बरेच कमी असले, तरी तेथील जमिनीच्या तत्कालीन तापमानाच्या अंदाजापेक्षा जास्त आहे. म्हणजे एवढासा प्राणीही भोवतालापेक्षा गरम राहू शकत होता.

टायटॅनोसॉरचे हे चित्र सरसकट सर्व डायनासोरांना लावता येणार नाही. याच महाकुळाच्या पूर्वजांशी नाते असलेल्या मुसॉरस या प्राण्याची अंडी मऊ, चामड्यासारख्या कवचाची होती, असे 2020 साली दाखवून देण्यात आले, आणि कठीण कवच डायनासोरांमध्ये किमान तीन वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले असावे, असा निष्कर्ष त्याच अभ्यासातून पुढे आला. मऊ कवच खडकात टिकणे दुर्मीळ असते. त्यामुळे आपल्या संग्रहालयांतील कपाटे भरली आहेत ती कठीण कवचाची अंडी घालणाऱ्या कुळांच्या अवशेषांनी. उरलेल्यांची अंडी शोधण्यासाठी आता खडकातील पातळ, काळपट पापुद्रेही तपासावे लागत आहेत.